आईच्या सहा साड्या, बाळाची गोधडी आणि घरातलं मांजर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. लेकीला पाचवा सरत आलाय, सातव्यात ती इंदिरानगरला तुमच्याकडे येईल, बाळंतपणाची तारीख जानेवारीच्या शेवटी. आईच्या सहा सुती साड्या तुम्ही जपून ठेवल्यात आणि त्यांची बाळासाठी गोधडी शिवायचीय. मागे एक शिवायला घेतली तर मधोमध झोल आला, धुतल्यावर ती पार गोळा झाली, म्हणून आता आईच्या साड्यांना कात्री लावायची भीती वाटतेय. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. घरात तीन वर्षांची मांजरी आहे. ती रिळामागे धावते, कुंड्या उकरते, आणि बाळ येणार म्हणून आता सगळे नातेवाईक तिला कुठेतरी सोडून या म्हणताहेत. लोकरीचं काही विणावं का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय.

मांजरीला सोडू नका. का, ते पुढे सांगते. आधी गोधडी.

तुमची गोधडी टाक्याने बिघडली नव्हती, ती अंथरतानाच बिघडली होती. मी पस्तीस वर्षं पंचवटीत गोधड्या शिवतेय, दुसऱ्यांच्या बिघडलेल्या उसवून दुरुस्तही केल्यात, आणि दहातल्या आठ गोधड्यांत दोष अंथरण्यातच सापडतो. माझ्या सासूबाई निफाडकडच्या. तिकडे थंडीत पारा असा उतरतो की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक बागांत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. त्या घरात गोधड्यांची थप्पी छताला टेकायची. त्या मला म्हणायच्या, "कापड आधी झोपू दे, मग सुई लाव." मला ते वाक्य कळायला दोन गोधड्या वाया जाव्या लागल्या. तुमची एकच गेलीय.

पहिलं काम कापड ओळखायचं. साड्या सुती आहेत असं तुम्ही म्हणता, पण आपल्या आयांनी कॉटन म्हणून घेतलेल्या कितीतरी साड्यांत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. शुद्ध सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टर असेल तर धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. मणी राहिला तर ती साडी बाजूला ठेवा. सूत पाण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. दोन्ही एका गोधडीत घातली की पहिल्या धुण्यात एक थर आखडतो, दुसरा तसाच राहतो आणि सगळीकडे चुण्या पडतात. शिवाय पॉलिएस्टर घाम शोषत नाही, बाळाच्या अंगाला ते नकोच.

धुतल्यावर गोधडी गोळा झाली, त्याला अजून एक कारण असू शकतं. आईने रोज नेसलेली साडी पन्नास वेळा धुऊन आटायची तेवढी आटलेली असते. पण एखादी साडी लग्नात मिळालेली, एकदोनदाच नेसलेली, घडीत पडून राहिलेली असते. ती अजून आटायचीच असते. दोन्ही सुती असूनही त्यांचं जुळत नाही. म्हणून कापायच्या आधी सहाच्या सहा साड्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. स्टार्च किंवा खळ असेल तर निघून जाईल. ती तशीच राहिली तर पुढे कसर लागते. मग कडक उन्हात वाळवा, आणि नव्यासारखी जी असेल तिला हे दोनदा करा. भिजवताना साड्या वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा. ओली असतानाच पांढरा रुमाल घासून बघा. रुमालावर रंग आला तर ती साडी बाळाच्या गोधडीत नको, मोठ्यांच्या गोधडीत चालेल.

आता भाद्रपद संपत आलाय. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली पद्धत आहेच. पूर्वी बायका गोधड्या घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायच्या, आता गच्चीवर होतं. त्याच धुण्यात या साड्याही काढा. ऑक्टोबरचं ऊन वाळवायला फार चांगलं.

आता हिशेब. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा ४५ इंच. बाळाच्या गोधडीला ४५ बाय ३६ इंच पुष्कळ झालं. म्हणजे पन्हा आहे तसा ठेवायचा आणि लांबीत ३६-३६ इंचांवर कापत जायचं. एका साडीचे सहा तुकडे निघतात. बाळाला चार थर पुरतात, फार तर पाच. म्हणजे बाळाची अख्खी गोधडी एकाच साडीत होते, वर दोन तुकडे उरतात, त्यांची दुपटी करा. म्हणून सहाही साड्या कापायचं मनात असेल तर थांबा. उरलेल्या पाच साड्या प्रत्येकी मधोमध कापून, दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, की १०८ बाय ८९ इंचांचा एक थर होतो. असे पाच थर म्हणजे डबल बेडची गोधडी. एक आजीची मोठी गोधडी आणि तिच्यातलीच एक छोटी पणतवंडाची, असं ते होईल. पण मोठी आत्ता नको. ती पुढच्या पावसाळ्यात घ्या, पाऊस लागला की हाताला वेळ असतो.

रेशमी साडी असेल, येवल्याची पैठणी असेल, तर ती गोधडीत घालू नका. लोक हल्ली फोटोसाठी घालतात. रेशीम आणि सूत एकत्र धुता येत नाही आणि जरीने बाळाची कातडी ओरखडते. सुती साडीलाही जरीचा काठ असेल तर काढून टाका. साधा काठसुद्धा आतल्या थरांत ठेवू नका, तो जाड असतो, सुई अडते आणि टाका वाकडा जातो. काठ कापून वेगळे गुंडाळून ठेवा, शेवटी गोधडीच्या चारी बाजूंनी पट्टी म्हणून लावायला त्यांच्यासारखं काही नाही.

प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरा. जिथे कापड विरलंय, जाळीसारखं दिसतंय, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणलं की 'चर्र' आवाज येतो, तो तुकडा आतल्या थरांत घालायचा. जो घट्ट आहे तो वर आणि खाली. खालच्या अस्तराला साडी कमी पडली तर बाजारातून मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, आणा, मालेगावच्या मागावरचा मिळतो. तो नवा असतो, म्हणून दोनदा भिजवून वाळवल्याशिवाय वापरू नका.

आता अंथरणं. इथे घाई करू नका. फरशी कोरडी पुसून घ्या. अस्तराची चांगली बाजू जमिनीकडे करून पसरा. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा, मी वरवंटा आणि पितळेचे डबे ठेवते. तळहात किंचित ओला करून मधून बाहेर, मधून बाहेर असा फिरवा. ओढू नका. कापड ताणून बसवलं तर ते वजन काढल्यावर मागे येतं, आणि तुमचा झोल तिथूनच सुरू होतो. दुसरा थर टाकताना एक गोष्ट बघा: साडीचा उभा धागा सगळ्या थरांत एकाच दिशेने हवा. कापड उभ्यापेक्षा आडव्या धाग्यात जास्त ताणलं जातं, आणि तिरकं तर रबरासारखं ओढलं जातं. एक थर आडवा पडला तर तो बाकीच्यांपेक्षा वेगळा वागतो. ओळखायला सोपं आहे, काठ ज्या बाजूला होता ती बाजू सगळ्यांची जुळवा. प्रत्येक थर तसाच हाताने निजवा. चौथा थर झाला की काही करू नका. वर एक चादर टाकून रात्रभर राहू द्या. सासूबाईंचं 'झोपू दे' म्हणजे हे. सकाळी हात फिरवलात की कालच्या सुरकुत्या तुम्हाला स्वतःहून सापडतील. ही रात्र मांजरीला त्या खोलीत येऊ देऊ नका, तिला अंथरलेल्या कापडाच्या मधोमध बसायला फार आवडतं.

मग कच्चा टाका. लांब लांब, चार बोटांचा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. मध्यबिंदूपासून सुरू करा आणि आठही दिशांना काठापर्यंत जा, मग मधल्या जागा वीतभर अंतराने भरा. जुन्या बायका काठाकडून सुरू करून चौकोनात चौकोन घेत आत यायच्या, तुम्हीही आईला तसंच बघितलं असेल आणि तसंच केलं असेल. त्यांचा डावा हात खालून कापड सारखा करत असायचा, तो हात वर्षानुवर्षांनी तयार होतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने बाहेरून सुरुवात केली की प्रत्येक फेरीत थोडं थोडं सैल कापड आत ढकललं जातं, आणि शेवटच्या चौकोनात त्याला जायला जागा उरत नाही. तुमचा मधला झोल म्हणजे हेच सैल कापड. कच्चा टाका मधून बाहेर पक्का बसला की मग खुशाल आईच्या पद्धतीने चौकोनात शिवा, काही होत नाही.

पक्क्या टाक्याला दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून दुकानदार देतो, पण जुनं कापड मऊ आणि दोरा कडक अशी गाठ पडली की धुता धुता दोराच कापड कापतो. पाच-सहा वर्षांनी टाक्यांच्या ओळीत कापड फाटलेलं दिसतं, ते त्यामुळे. सुई लांब आणि मधल्या जाडीची. दाभण आठ थरांच्या गोधडीला ठीक, चार थरांत त्याची भोकं राहतात. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत एवढाच. टाका तांदळाएवढा, ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. गाठ बाळाच्या गोधडीत कुठेच नको. सुरुवातीला तिथल्या तिथे दोन टाके मागे घ्या, आणि दोऱ्याचं टोक सुईने दोन थरांच्या मधून इंचभर पुढे नेऊन कापा, ते आतच राहतं. बोटात टोपण घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट धरवत नाही.

वेळेचा अंदाज देते. अर्ध्या इंचाने ओळी घेतल्या तर या मापात ४५ इंचांच्या बहात्तर ओळी होतात, चौकोनात शिवलं तरी दोरा तेवढाच चालतो. एका ओळीला दहा-बारा मिनिटं. सगळे मिळून बारा ते साडेचौदा तास. रोज दुपारी पाऊण तास बसलात तर तीन आठवड्यांत होते. दसऱ्यानंतर सुरू केलीत तरी लेक यायच्या आत हातात येईल. मशिनवर शिवून घेऊ का, असंही तुमच्या मनात येईल. काठाची पट्टी मशिनवर लावा, छान बसते. आतले टाके मात्र हाताचेच ठेवा. मशिनची टीप थर इतके घट्ट आवळते की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताच्या टाक्यात थरांना हलायला जागा राहते, म्हणून ती अंगासरशी वळते.

आणि एक. पहिलं वर्षभर ही गोधडी बाळाच्या खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, मालिशीला. एकट्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालू नका, पाय मारता मारता ते तोंडावर येतं. म्हणून तर मी चार थर म्हणाले. पातळ आणि घट्ट शिवलेली गोधडी खाली सपाट राहते.

आता मांजरीकडे येते. नातेवाइकांना भीती केसांची आणि पंजांची वाटते. मला खरी भीती आहे ती तुमच्या सुई-दोऱ्याची, आणि ती बाळाला नाही, तिला.

आमच्याकडे चिंगी नावाची मांजरी होती. एका रात्री मी गोधडी तशीच टाकून झोपायला गेले, सुईत हातभर दोरा होता. सकाळी सुई जमिनीवर सापडली, दोरा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती खाईना, पाण्याकडे बघून मान वळवायची, पोट आवळून कोपऱ्यात बसली, दोनदा पिवळं ओकली. शेपटीखाली दोऱ्याचं टोक दिसलं. मी ते चिमटीत धरून ओढणारच होते, तेवढ्यात फोनवरचे जनावरांचे डॉक्टर ओरडले, "हात लावू नका, तशीच घेऊन या." नंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, दोरा एकदा जिभेवर आला की तिला तो थुंकता येत नाही, आतच जातो. त्याचं एक टोक कुठेतरी, बहुधा जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी, अडकून राहतं. आतडं मात्र अन्न पुढे ढकलायला हलतच असतं. मग ते अडकलेल्या दोऱ्यावर चढत जातं, लेंग्याची नाडी ओढल्यावर नेफ्याच्या चुण्या पडतात तसं गोळा होतं, आणि ताणलेला दोरा आतून आतडं कापतो. बाहेरचं टोक ओढलं तर कापण्याचं काम आपणच करतो. चिंगीचं ऑपरेशन झालं, ती वाचली, नंतर नऊ वर्षं जगली. पण तिच्या पोटावरचा टाका मी रोज पुसायचे तेव्हा माझा हात थरथरायचा.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत आणि ते कधी मोडत नाही. सुया आणि दोरे झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात. बसताना सुया मोजते, उठताना मोजते, आकडा डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो. आणि कापलेली दोऱ्याची टोकं जमिनीवर पडू देत नाही, मांडीवर वाटी असते, तिच्यात जातात. रांगतं बाळ घरात आल्यावर याच तीन गोष्टी त्यालाही लागतील, म्हणून सवय आत्ताच लावून घ्या. लोकरीचा गुंडाही तसाच डब्यात. तुमची मांजरी रिळामागे धावते तर तिला खेळायला जाड काठाच्या कापडाचा, आत चिंध्या भरलेला चेंडू शिवून द्या, दोरी न लावता.

लेकीला मांजरीपासून जी एक खरी काळजी घ्यायचीय ती टोक्सोप्लाज्मा नावाच्या जंतूची. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, आणि गरोदर बाईला तेव्हा पहिल्यांदाच झाला तर पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो. पण तो केसांतून किंवा मांजर मांडीवर बसल्याने सहसा येत नाही. विष्ठा पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळूचा डबा रोज साफ व्हायला हवा, आणि तो लेकीने नाही, तुम्ही करायचा. अर्धवट शिजलेलं मटण आणि मातीचे हात यांतून तो होण्याची शक्यता घरातल्या पाळीव मांजरापेक्षा जास्त असते. मांजरी कुंड्या उकरते म्हणालात, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या मातीतही तो असू शकतो. लेकीने प्रसूतीपर्यंत मातीत हात घालू नये, घातलाच तर हातमोजे घालून, आणि कुंडीतली मेथी-कोथिंबीर भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नये. तिच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे आवर्जून सांगा, ते हवी तर रक्ततपासणी करतील. मांजरीला जंताचं औषध आणि रेबीजची लस बाळ यायच्या आत होऊ द्या. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध तिला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झेपत नाही.

कुंड्या उकरणं थांबवायला मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा अंड्याएवढे गोटे पसरा. मऊ मोकळी माती दिसली नाही की ती जात नाही. वाळूचा डबा स्वच्छ असला की तिला कुंडीची गरजही कमी पडते.

पाळणा महिनाभर आधी बांधून मच्छरदाणी लावून ठेवा. ती आत चढायचा प्रयत्न करील, दोन-चार दिवस हुसकावलं की ती जागा आपली नाही हे तिला कळतं. बाळ आल्यावर अचानक पाळणा आला तर ते शिकवायला तुम्हाला वेळ नसतो. बाळ झोपलेलं असताना त्या खोलीचं दार लावून घ्या, तिला ऊब हवी असते, ती अंगाला चिकटून झोपते. आणि बारशाला कोणी पुष्पगुच्छ आणला, त्यात लिली असली, तर तो घरात घेऊ नका. लिलीचे परागकण अंगाला लागले आणि तिने अंग चाटलं, एवढ्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आपला निशिगंध वेगळा, तो चालतो.

गच्चीबद्दल तुम्ही फक्त माव्याचं, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, विचारलंत. शेवंतीला ऑक्टोबरात तो येणारच. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चमचाभर साबणाचं पाणी घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला मारा. आठवड्याने पुन्हा. पानं वाळेपर्यंत मांजरीला खाली ठेवा. साड्यांच्या ज्या चिंध्या उरतील त्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या काढून टोमॅटो बांधा, सुतळीने खोड चिरतं, जुनी साडी चिरत नाही. जानेवारीत पारा उतरला की कोवळ्या रोपांवर रात्री एखादी जुनी साडी टाकते मी. काडीच्या परीक्षेत सूत ठरलेल्या चिंध्या बारीक कापून खताच्या डब्यात घालता येतात, पॉलिएस्टरच्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

लोकरीत फक्त एक कानटोपी विणा, स्वेटर नको. स्वेटर दोन महिन्यांत लहान होतो आणि बाळाचे हात त्यात घालताना त्याला आणि आईला दोघांना त्रास होतो. झबल्यावर झबलं बरं. टोपीसाठी मऊ लोकर, जुन्या मापाच्या आठ नंबरच्या म्हणजे चार मिलिमीटरच्या सुया. आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून त्यात टाके मोजा. माझ्या हाताने बावीस येतात. नवजात बाळाचं डोकं चौतीस-पस्तीस सेंटिमीटर, टोपी ताणली जाते म्हणून तेहेतीस धरायचं. मग बहात्तर टाके. दोन सुलट, दोन उलट असं चार बोटं विणा, पुढे सगळं सुलट. तुमच्या चौकोनात अठरा टाके आले तर साठ घाला, माझा आकडा घेऊ नका. आतल्या बाजूला लोंबते धागे नकोत, बोटं अडकतात. हनुवटीखाली लांब बंदही नकोत. घरात बाळाच्या मानेला हात लावून बघा, घाम असेल तर टोपी काढा.

शेवटचं, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. बाळाची गोधडी, झबली, टोपडी डांबर गोळ्यांच्या ट्रंकेत ठेवू नका. त्या कपड्यांतल्या वासानेही काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. कोणत्या बाळाला होईल ते आधी दिसत नाही. आईच्या साड्या त्या गोळ्यांत असतील तर म्हणूनच त्यांना आधी पाणी आणि मग चार-पाच दिवसांचं ऊन द्यायचं, वास पूर्ण जाईपर्यंत. त्या गोळ्या मांजरीलाही विषारी असतात. त्यांच्याऐवजी कडुलिंबाची खडखडीत वाळलेली पानं सुती पुरचुंडीत, वेखंडाचे दोन तुकडे, आणि वर्षातून दोनदा ऊन. माझ्या सासूबाईंची गोधडी अशीच टिकलीय, तिच्यावर माझी नात झोपते.

साड्या भिजवून वाळल्या, काडीची परीक्षा झाली, की सहापैकी किती सुती निघाल्या आणि रुमालावर कोणत्या रंगांनी डाग दिला ते कळवा. बाळासाठी कोणती घ्यायची ते मग ठरवू. पदर मात्र तोपर्यंत कापू नका.